पांग कोणी कोणाचे फेडायचे?

‘आईबापाचे पांग फेडणे’ हा वाक्प्रचार मराठीत इतका रुळलेला आहे की त्याचा कर्ता कोण असतो याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. कर्ता नेहमी मुलगाच असतो, अलीकडे मुलगीही असते. ‘पांग’ या शब्दात नड आहे, दैन्य आहे आणि उपकाराचे ओझेही आहे. लेकराने मोठे व्हावे, चार पैसे मिळवावेत आणि ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन वाढवले त्यांचे पांग फेडावेत, अशी ही एकदिशा वाटचाल आहे. बापाने मुलाचे पांग फेडले असे वाक्य आम्ही कधी ऐकलेले नाही. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात काही चूक नाही, तरीही ते कानाला खटकते.

आणि तरीही गेल्या काही वर्षांत आमच्या ओळखीच्या घरांत नेमके हेच घडताना आम्ही पाहतो आहोत. निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेले किंवा तो ओलांडलेले आईवडील कर्ज काढतात. स्वतःच्या आजारपणासाठी नाही, घराच्या डागडुजीसाठी नाही, तर कमावत्या वयाच्या मुलाच्या मोटारीचे थकलेले हप्ते भरण्यासाठी. या व्यवहाराला आपल्या भाषेत नाव नाही. नाव नसलेल्या गोष्टीला मर्यादाही घालता येत नाही, आणि आमच्या मते यातली खरी अडचण तीच आहे. या लेखात आम्हांला जे म्हणायचे आहे ते एवढेच आहे. पण ते जरा लांबून म्हणावे लागेल.

*

ज्या प्रसंगामुळे हा विषय आमच्या मनात घर करून बसला तो आधी सांगतो. आमचे एक ज्येष्ठ स्नेही, तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मराठी शिकवून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना सर म्हणतो. मुलगा पुण्यात नोकरीला. त्याने नऊ लाखांची मोटार घेतली, त्यांपैकी आठ लाखांचे कर्ज, व्याज साडेनऊ टक्के, मुदत सात वर्षे. महिन्याचा हप्ता तेरा हजारांच्या थोडा वर. तीन वर्षे हप्ते नियमित गेले. मग नोकरी गेली, दुसरी मिळाली ती निम्म्या पगाराची, आणि पाच हप्ते थकले. वसुलीचे फोन आधी मुलाला आले, नंतर सरांना येऊ लागले. वसुली करणाऱ्याने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, कर्जदाराच्या कुटुंबीयांना त्रास देऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ साली स्पष्ट बजावले आहे. पण ज्या घरात आयुष्यभर कोणी ‘देणेकरी’ म्हणून हाक मारलेली नाही त्या घराला सकाळी अकराचा फोनही पुरेसा होतो.

एके दिवशी सर आमच्याकडे आले. वहिनींचे दागिने सोनेतारण कर्जासाठी ठेवून दोन लाख आले होते, मुदत ठेवीवर दोन लाख उचलले होते, आणि उरलेले दीड लाख गावातल्या पतसंस्थेतून घ्यायचे होते. तिथे दोन जामीनदार लागत होते. “तुम्ही सही कराल ना?” एवढेच ते म्हणाले. आम्ही सही केली. एक प्रश्नही विचारला नाही. ज्यांच्याकडून आपण वाचायला शिकलो त्यांना पैशाचे प्रश्न विचारायचे नसतात, असा एक संस्कार असतो. जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते हे १८७२ च्या करार कायद्याचे १२८ वे कलम सांगते, हेही आम्हांला ठाऊक होते. पण त्या क्षणी कायदा आठवला नाही. सरांची मान खाली गेलेली होती, ती तेवढी दिसली.

हिशोब आम्ही नंतर मांडला, आणि तो मांडल्यावर हळहळ वाटली. तीन वर्षांत मुलाने सुमारे चार लाख सत्तर हजार रुपये भरले होते. पण समान मासिक हप्त्याची रचनाच अशी असते की सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो. मुद्दल उतरले होते ते फक्त दोन लाख ऐंशी हजारांनी. पाच लाख वीस हजार अजून बाकी होते. थकलेल्या महिन्यांचे व्याज आणि दंड धरून देणे साडेपाच लाखांवर गेले होते. इकडे गाडीची किंमत कर्जापेक्षा वेगाने खाली आली होती. विम्याच्या हिशोबात तीन वर्षे उलटलेल्या गाडीची किंमत मूळ किमतीच्या चाळीस टक्क्यांनी उतरलेली धरतात. प्रत्यक्ष बाजारात त्याहून कमीच हाती येते. एका दलालाने चार लाख साठ हजार सांगितले होते. म्हणजे गाडी विकली असती तर तूट नव्वद हजारांची होती. सरांनी मात्र साडेपाच लाखांचे कर्ज काढले. मुलाच्या कर्जाचा दर साडेनऊ टक्के, ते फेडण्यासाठी घेतलेल्या पतसंस्थेच्या कर्जाचा चौदा.

गाडी का विकली नाही? कारण ती दिवाळीला गावी येऊन दारात उभी राहिली होती. सगळ्या आळीने ती पाहिली होती. तिला हार घातला होता, चाकाखाली लिंबू ठेवले होते. कर्जाने घेतलेली मोटार सावकाराच्या ताब्यात नसते, ती ‘नजरगहाण’ असते: वस्तू आपल्या दारात, हक्काची नोंद मात्र नोंदणीपुस्तकात देणाऱ्याच्या नावे. हा शब्द बँकेच्या कागदांत फार जुना आहे, पण त्याचा एक दुसरा अर्थ आम्हांला त्या दिवशी कळला. इथे आळीची नजरच गहाण पडलेली होती, आणि ती सोडवण्यासाठी सर कर्ज काढत होते.

*

आता थोडे मागे जाऊ. ऋण ही कल्पना आपल्या परंपरेत केवळ पैशाची नाही. माणूस देव, ऋषी आणि पितर यांची ऋणे घेऊनच जन्माला येतो ही कल्पना थेट वैदिक वाङ्मयापर्यंत जाते. पण ऋणाला इतके पावित्र्य देणाऱ्या याच परंपरेने पैशाच्या ऋणाला बारकाईने कुंपणेही घातली होती. बापाने केलेले कर्ज मुलाने फेडणे हे धर्मकर्तव्य मानले गेले; परंतु मद्यपान, जुगार आणि स्त्रीलंपटपणा यांपायी झालेले देणे, दंडाची बाकी, उगाच दिलेल्या वचनांचे पैसे या गोष्टी मुलावर बंधनकारक नाहीत, असे याज्ञवल्क्यस्मृतीचा व्यवहाराध्याय सांगतो. पुढच्या काळातील न्यायालयांनी अशा कर्जांसाठी ‘अव्यावहारिक’ ही संज्ञा वापरली. व्याज एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक वसूल करता येणार नाही हा ‘दामदुपटी’चा नियम तर जुन्या मुंबई इलाख्यात इंग्रजी अमदानीतही न्यायालये मानत होती.

आमच्या विषयाला सर्वांत जवळचे असलेले वचन मात्र याच्याच शेजारी आहे आणि ते फारसे कोणी सांगत नाही. पती किंवा पुत्र यांनी केलेले कर्ज स्त्रीने फेडू नये, आणि पुत्राने केलेले कर्ज पित्याने फेडू नये. अपवाद एकच, ते कुटुंबासाठी केलेले असेल तर. आम्हांला हे वचन प्रथम वाचले तेव्हा आश्चर्य वाटले. ज्या समाजात बापाचे देणे मुलाच्या जन्मालाच चिकटलेले मानले जात होते, त्याच समाजाने उलटा प्रवाह मात्र स्पष्ट शब्दांत अडवला होता, आणि त्याला एक कसोटी लावली होती: कुटुंबार्थ होते का?

इथे एक खुलासा हवा. स्मृतींचा हवाला आम्ही आज्ञा म्हणून देत नाही. त्याच ग्रंथांनी स्त्रियांवर आणि शूद्रांवर काय लादले हे विसरून त्यांतले सोयीचे तेवढे उचलणे आम्हांला मान्य नाही. मुद्दा एवढाच की घरातल्या घरात पैशाविषयी नियम करणे म्हणजे माया आटल्याचे लक्षण असे त्या काळच्या माणसांना वाटत नव्हते. पितृऋणासारखी उदात्त कल्पना मांडणारे लोकच दुसऱ्या ओळीत जुगाराच्या देण्याचा हिशोब करत होते. उदात्तता आणि हिशोब यांचे वैर आपण नंतर शोधून काढले.

पुढे कायद्याने मुलाचीही सुटका केली. मुंबई इलाख्यात १८६६ सालच्या कायद्याने वारसाची जबाबदारी त्याला मिळालेल्या मालमत्तेपुरती मर्यादित केली. त्याआधी हाती दमडी न आलेल्या मुलावरही बापाच्या कर्जाचा व्यक्तिशः बोजा पडत असे. आणि ९ सप्टेंबर २००५ रोजी अमलात आलेल्या हिंदू उत्तराधिकार सुधारणा कायद्याने, केवळ ‘धार्मिक कर्तव्य’ या आधारावर मुलगा, नातू किंवा पणतू यांच्याकडून नव्या कर्जाची वसुली करण्याचा मार्ग बंद केला. या कायद्याची चर्चा मुलींना वडिलोपार्जित संपत्तीत समान हक्क मिळाल्याबद्दल झाली, आणि ते योग्यच होते. पण एका कोपऱ्यात हजारो वर्षांचे पितृऋणही त्याच कायद्याने निकाली काढले, याची नोंद साहित्याच्या अभ्यासकांनीही फारशी घेतलेली आमच्या पाहण्यात नाही.

योगायोग असा की त्याच वर्षी, १ नोव्हेंबर २००५ पासून, राज्य शासनाने नव्याने नेमल्या जाणाऱ्या कर्मचाऱ्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू करणे थांबवले. दोन महिन्यांच्या आत दोन गोष्टी घडल्या. मुलगा बापाच्या कर्जातून मोकळा झाला. आणि बापाला जी खात्री होती ती मुलाच्या पिढीला उरली नाही. आज एखाद्या शिक्षकाच्या घरी पाहिले तर महिन्याच्या ठराविक दिवशी नक्की येणारी रक्कम ही बहुधा त्या घरातल्या सत्तरीच्या माणसाची असते, पस्तिशीच्या माणसाची नसते. पैसा उंचावरून खाली वाहतो. प्रवाह उलटला तो केवळ मुले बिघडली म्हणून नव्हे. ‘आजकालची पिढी’ या शब्दांनी सुरू होणारी व्याख्याने आम्हांला म्हणूनच अपुरी वाटतात. सरांचा मुलगा उधळ्या नव्हता. त्याने तीन वर्षे एकही हप्ता चुकवला नव्हता.

*

साहित्याने आपल्याला कर्जाबद्दल काय शिकवले? मराठीत कर्जाला एक चेहरा आहे, आणि तो सावकाराचा आहे. १८७५ साली सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची कागदपत्रे जाळली. महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. तिथपासून सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’पर्यंत आपल्याकडे शेतकऱ्याच्या कर्जाचे एक सलग आणि समर्थ लेखन आहे. तुकोबांनी आपल्या वाट्याची खतपत्रे इंद्रायणीत बुडवली ही आख्यायिका प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक असते. त्यात बुडवणारा धनको आहे, ऋणको नव्हे, हे तिचे वैशिष्ट्य. मध्यमवर्गाच्या हप्त्याला मात्र असा चेहरा नाही. तो दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून आपोआप जातो. ‘हप्ता’ हा शब्द मुळात फारसीतला, सात दिवसांच्या आठवड्याचा. तो महिन्याचा झाला, मग सात वर्षांचा झाला, आणि त्याची कथा मात्र अजून पुरेशी लिहिली गेलेली नाही.

बाप आणि मुलगा यांच्यामधल्या पैशाची गोष्ट मात्र आपल्याकडे एका श्रेष्ठ कादंबरीत आहे. ‘कोसला’तला (१९६३) पांडुरंग सांगवीकर वडिलांच्या पैशावर पुण्यात राहतो, मेसच्या कारभारात फसतो, परीक्षा घालवतो आणि शेवटी गावी परततो. या कादंबरीवर अस्तित्ववादाच्या, देशीयतेच्या, शैलीच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले. पैशाच्या अंगाने तिचे वाचन फार कमी झाले. पांडुरंग आणि त्याचे वडील यांच्यात पैसा उघडपणे उभा आहे. त्यावरून बोलणी बसतात, टोमणे मारले जातात, मने दुखावतात. ते नाते सुखाचे नाही. पण तिथे पैशाला पैसा म्हटले जाते. सरांनी ही कादंबरी जवळजवळ वीस वर्षे वर्गात शिकवली. मुलाशी मात्र ते या पैशाबद्दल एक वाक्यही बोलले नाहीत. “त्याला वाईट वाटेल,” असे ते आम्हांला म्हणाले.

या संदर्भात ‘नटसम्राट’ची (१९७०) आठवण हमखास काढली जाते. आप्पासाहेब बेलवलकरांनी सगळे मुलांना वाटून टाकले आणि पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. आपला प्रेक्षक त्यातून एकच धडा घेऊन घरी जातो: मुलांना काही देऊ नका. आम्हांला हा धडा उथळ वाटतो. नाटकाचे सामर्थ्य तो धडा देण्यात नाही, आणि आमच्या प्रश्नाला तो लागूही पडत नाही. सरांनी जे दिले ते मालमत्तेतून दिले नाही, ते स्वतः ऋणको होऊन दिले.

त्यासाठी आम्हांला बाल्झाकच्या ‘म्हातारा गोरियो’कडे जावे लागते. १८३५ साली ग्रंथरूपाने आलेली ही फ्रेंच कादंबरी आपल्याकडे अभ्यासक्रमात आली तर फ्रेंच वास्तववादाचा नमुना म्हणून येते, आणि विद्यार्थी राज्यक्रांतीनंतरचे पॅरिस वगैरे टिपणे काढतात. पण ती मुळात एका बापाच्या हिशोबाची कादंबरी आहे. गोरियो हा शेवया तयार करून विकणारा व्यापारी. धंद्यातून निवृत्त होऊन एका खाणावळीच्या घरात राहायला आलेला. दोन मुली, दोन्ही बड्या घरी दिलेल्या: थोरली सरदाराकडे, धाकटी बँकवाल्याकडे. दोघींना दर थोड्या दिवसांनी पैसे लागतात. गोरियो पहिल्या मजल्यावरच्या चांगल्या खोल्यांतून दुसऱ्या मजल्यावर जातो, मग तिसऱ्यावर. जसजसा तो वर चढतो तसतसे त्याचे भाडे उतरते. एका रात्री शेजारचा विद्यार्थी किल्लीच्या भोकातून पाहतो तर म्हातारा चांदीची भांडी पिळून त्यांचा गोळा करत बसलेला असतो. त्यांत बायकोने दिलेली पहिली भेटही असते. शेवटी थोरल्या मुलीच्या नाचाच्या पोशाखाचे देणे भागवण्यासाठी तो आपले वर्षासन, म्हणजे आजच्या भाषेत पेन्शन, वर्षभरासाठी सावकाराकडे गहाण टाकतो.

कादंबरीतली दोन दृश्ये या विषयावर विचार करताना आमच्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. पहिले असे: मुलींच्या घरी गोरियोला मोकळेपणाने जाता येत नाही, म्हणून तो रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहतो आणि त्यांच्या गाड्या जाताना पाहतो. त्या ऐटबाज गाड्यांत बसलेल्या आपल्या मुलींकडे लोक वळून पाहतात, याचेच त्याला सुख. दुसरे दृश्य शेवटचे: मरणाच्या वेळी धाकटी येतच नाही, थोरली येते तेव्हा त्याची शुद्ध हरपलेली असते. अंत्यविधीचा खर्च दोन गरीब विद्यार्थ्यांच्या गळ्यात पडतो. आणि शवयात्रेमागून दोन घराण्यांची राजचिन्हे मिरवणाऱ्या दोन गाड्या येतात. त्या रिकाम्या असतात.

मुली वाईट होत्या म्हणून हे झाले, असे वाचणे सोपे आहे. बाल्झाक तसे वाचू देत नाही. गोरियोचे देणे निव्वळ निःस्वार्थ नाही हे तो वारंवार दाखवतो. मुलींना आपली गरज भासावी, हे गोरियोला स्वतःलाच हवे आहे. पैसा हा त्याचा मुलींपर्यंत पोचण्याचा एकमेव रस्ता उरला आहे, आणि म्हणून तो कधीही विचारत नाही की हे कर्ज कशाचे, किती, आणि यानंतर पुन्हा होणार नाही ना. विचारले तर रस्ता बंद होईल. मुली त्याला ओळखेनाशा होतात, कारण त्याने स्वतःला त्यांच्यासमोर माणूस म्हणून उभे न करता खजिना म्हणून उभे केले.

*

आम्हांला सरांची गोष्ट गोरियोच्या वाटेने न्यायची नाही. त्यांचा मुलगा कृतघ्न नाही. पण त्या घरात काय झाले ते आम्ही पाहिले. कर्ज मिटले, गाडी राहिली, आणि मुलाचे गावी येणे कमी झाले. वडिलांसमोर बसण्याचा त्याला संकोच वाटू लागला असावा. वडिलांनाही, आपण फोन केला तर तो पैशासाठी आहे असे त्याला वाटेल, म्हणून फोन करणे अवघड वाटू लागले. दोघेही एकमेकांना जपत होते. वहिनींच्या हातात आता काचेच्या बांगड्याच आहेत, आणि त्यांना कोणी विचारले होते की नाही हे आम्हांला ठाऊक नाही. पती किंवा पुत्राचे देणे स्त्रीने फेडू नये असे म्हणणारे वचन ज्या संस्कृतीत आहे, तिथे मुलाच्या मोटारीसाठी पहिल्यांदा तारण पडले ते स्त्रीधन.

म्हणून आमचे म्हणणे असे. सज्ञान मुलाला आईवडिलांनी मदत करू नये असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे क्रूरपणाचे होईल, आणि खोटेही, कारण वेळ आली तर आम्हीही करू. पण कर्ज काढून केलेली मदत ही मदत नसते, ते दुसरे कर्ज असते, आणि त्याला कर्ज म्हणावे. म्हणजे त्याला तीन प्रश्न विचारता येतात.

पहिला प्रश्न जुनाच आहे: कुटुंबार्थ होते का? मुलाने भाड्याने चालवायला गाडी घेतली असेल, तिच्यावर घर चालत असेल, तर ती वाचवण्यासाठी कर्ज काढणे हे नांगर वाचवण्यासाठी काढलेल्या कर्जासारखे आहे. आळीने पाहिली म्हणून ती टिकवायची असेल तर ते निराळे. दुसरा प्रश्न: आपल्या कर्जाने देणे संपते की फक्त एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाते? गाडी विकून, उरलेल्या तुटीपुरती मदत करून, वित्तसंस्थेकडून ना-हरकत पत्र आणि ३५ क्रमांकाचा नमुना घेऊन नोंदणीपुस्तकावरचा बोजा उतरवून घेतला तर देणे खरोखर संपते. साडेपाच लाखांच्या जागी नव्वद हजार. तिसरा प्रश्न सर्वांत अवघड: हे पैसे कोणाचे आहेत, आणि त्या व्यक्तीला विचारले आहे का?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो आम्ही स्वतःलाच घेतला आहे. घरात असे प्रश्न विचारायला लागलो तर घर आणि पतसंस्था यांत फरक काय राहिला? माया म्हणजे हिशोब न ठेवणे, असे आपण मानतो. आक्षेप भावनेचा आहे म्हणून तो टाकाऊ ठरत नाही. पण आमचा अनुभव उलट सांगतो. हिशोब न बोलल्याने तो नाहीसा झाला नाही. तो दोघांच्याही मनात चालूच राहिला, फक्त वेगवेगळा. बापाच्या वहीत तो त्यागाच्या खात्यावर चढला आणि मुलाच्या वहीत अपराधाच्या. पतसंस्थेचे खाते निदान शून्यावर तरी येते. ही खाती शून्यावर येत नाहीत, कारण ती कोणी कोणाला दाखवत नाही. ‘फेडणे’ हे क्रियापद मराठीत कर्जाला लागते, नवसाला लागते, पापाला लागते आणि अंगावरच्या वस्त्रालाही लागते. जे गुंडाळलेले आहे ते उलगडून मोकळे करणे हा त्याचा गाभा आहे. न बोललेले देणे उलगडत नाही. सर आणि त्यांचा मुलगा एक दिवस बसून बोलले असते, “हे साडेपाच लाख, यातले तू इतके, मी इतके, गाडी विकू या का?” असे झाले असते, तर कदाचित भांडण झाले असते. ‘कोसला’तल्यासारखे कडू शब्दही आले असते. पण त्यानंतर मुलाला दिवाळीला घरी येता आले असते.

आमचाही यात दोष आहे आणि तो सांगितल्याखेरीज लेख संपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. जामीनदाराची सही मागायला सर आमच्याकडे आले तेव्हा विचारण्याची ती जागा होती. आम्ही ती संकोचाने घालवली आणि वर आपण सरांचा मान राखला असे समाधान मानले. गेल्या महिन्यात पतसंस्थेचे कर्ज फिटले. सरांनी ते दर महिन्याला निवृत्तिवेतनातून फेडले; एकदाही आमच्यापर्यंत तगादा येऊ दिला नाही. बेबाकीचा दाखला आम्हांला दाखवायला ते मुद्दाम आले. चहा झाल्यावर म्हणाले, “मुलाला सांगावे का, फिटले म्हणून?”

या वेळी आम्ही गप्प बसलो नाही. सांगा, असे म्हणालो. फिटले तेही सांगा, आणि किती होते, कशाकशातून आले तेही सांगा. दागिने अजून सुटायचे आहेत तेही. तो पस्तिशी ओलांडलेला माणूस आहे, त्याला हे कळण्याचा हक्क आहे. सर बराच वेळ दाखल्याची घडी घालत बसले. सांगतील की नाही, आम्हांला माहीत नाही.